नाताळची कार्डं वाकतात, अल्बम फुगतो: गम बदलण्याआधी कागदाचा ग्रेन बघा

दर वर्षी नोव्हेंबर उजाडला की मला दोन-चार जणींचे फोन येतात, अगं कार्डं केली, रात्री एकदम सरळ होती, सकाळी बघते तर सगळी वाकलीत, गम बदलू का? आणि मी दर वेळी सांगते की गम राहू दे, आधी कागद कुठल्या दिशेनं कापलास, म्हणजे त्याचा ग्रेन, त्यातल्या तंतूंची दिशा, कुठे आहे ते सांग. फोनवर हे नीट समजावता येत नाही, हातात कागद धरून दाखवावं लागतं, म्हणून आज सगळं एकदा बसून लिहितेय. ज्यांना नाताळची कार्डं करायची आहेत किंवा डिझायनर कागदाचे फोटो अल्बम करायचेत आणि दर वेळी तोच त्रास होतोय, त्यांनी निवांत वाचा, जरा लांब झालंय.

मी वसईची. आमच्याकडे नाताळ म्हणजे गोठा, कंदील, करंज्या आणि माझ्या घरी त्याच्या जोडीला कार्डांचा पसारा. सुरुवातीची पाच-सहा वर्षं मी अंदाजानंच काम करायचे, छान दिसला तो कागद आणायचा, मापात कापायचा, पांढरा गम लावून चिकटवायचा. काही कार्डं मस्त व्हायची, काही वाकायची आणि का ते कळायचंच नाही. एका वर्षी तर ऐंशी कार्डांची ऑर्डर होती, लाल-सोनेरी हातकागदाची, दोन रात्री जागून केली आणि खोक्यात भरायच्या वेळेला त्यातली निम्म्याहून जास्त अशी कमानीसारखी उभी राहिली की पाकिटात जाईनात. त्या वेळी मला रडू आलं होतं, कारण आठवडाच राहिला होता हातात.

तेव्हा मी काय काय करून पाहिलं ते आधी सांगते, कारण बहुतेक जणी इथेच अडकतात. आधी वाटलं वजन कमी पडलं, म्हणून आजीचा पाटा काढून वर ठेवला, दोन दिवसांनी काढला तर कार्डं सरळ, आणि संध्याकाळपर्यंत परत वाकडी. मग वाटलं गम जास्त झाला, म्हणून कमी लावला, तर कडा सुटायला लागल्या. मग गमची कंपनी बदलली. फेविकॉल घ्या नाहीतर दुसऱ्या कुठल्याही कंपनीचा पांढरा गम घ्या, सगळ्यात पाणी असतंच, आणि कागद वाकवतं ते पाणी, त्यामुळे कंपनी बदलून काही फरक पडला नाही. इस्त्री फिरवली, ग्लिटर वितळून कापडाला चिकटलं.

शेवटी मी उरलेला कागद घेऊन आमच्या इथल्या एका बाइंडिंगवाल्या काकांकडे गेले, हिशेबाच्या वह्या आणि कॉलेजचे प्रोजेक्ट बांधून द्यायचे ते. त्यांनी माझं कार्ड हातात घेतलं, उलटसुलट केलं, काही बोलले नाहीत. माझ्या कार्डशीटचा एक चौकोनी तुकडा कापला, चहाच्या ग्लासातलं पाणी बोटावर घेतलं आणि तुकड्याच्या एकाच बाजूला पुसलं, आणि तळहातावर ठेवून म्हणाले, बघ. दोन-तीन सेकंदात तो तुकडा दोन बाजूंनी उचलला गेला आणि त्याची नळी झाली, अगदी पानाची गुंडाळी करावी तशी. मग त्यांनी माझ्या लाल कागदाचा तसाच चौकोन, त्याच बाजूनं कापून, ओला केला. त्याची पण नळी झाली, पण आडवी. म्हणाले, हा उभा ओढतोय, हा आडवा ओढतोय, तू दोघांना एकमेकांना बांधलंस, आता ते भांडणारच. त्या एका वाक्यानं माझं सगळं काम बदललं.

तर आता नीट समजून घेऊ. मशीनवर कागद बनतो तेव्हा ओला लगदा जाळीवरून एकाच दिशेनं धावत असतो, त्यामुळे त्यातले तंतू बहुतांशी त्या धावण्याच्याच दिशेनं लांब पडतात, लाकडाला जशा शिरा असतात तसंच. यालाच ग्रेन म्हणायचं. प्रत्येक तंतू पाणी पिऊन फुगतो तो जाडीला, लांबीला फारसा नाही. म्हणून कागद ओला झाला की ग्रेनच्या दिशेला जेमतेम वाढतो आणि ग्रेनच्या आडव्या दिशेला त्याच्या कितीतरी पट वाढतो, आणि सुकताना तेवढाच आकसतो. एवढं डोक्यात बसलं की पुढचे बहुतेक त्रास आपले आपण ओळखता येतात.

ग्रेन ओळखायला ओल्या तुकड्याची युक्ती सगळ्यात खात्रीची: एकाच बाजूला पाणी पुसा, नळी ज्या दिशेला लांब होते ती ग्रेनची दिशा. कागद महाग असेल आणि तुकडा फुकट घालवायचा नसेल तर आख्खी शीट टेबलावर ठेवून एक कड उचलून हलकेच दुमडल्यासारखी करा, घडी न घालता फक्त तळव्यानं दाबून बघा किती जोर देतेय, मग शीट फिरवून दुसऱ्या कडेनं तसंच करा. ज्या बाजूनं सहज वळते तिकडे वळणाची रेघ ग्रेनला समांतर आहे. फाडून पण कळतं, वर्तमानपत्र उभं फाडलं की सरळ फाटतं आणि आडवं फाडलं की वेडंवाकडं जातं, तसंच. कळलं की लगेच शीटच्या मागे पेन्सिलनं बाण काढून ठेवा, नाहीतर कापून झाल्यावर तुकडे एकात एक मिसळतात आणि परत शोधत बसावं लागतं.

हातकागदाचं मात्र वेगळं आहे. साच्यात हातानं उचललेला कागद, म्हणजे आपल्या पुण्याच्या शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत किंवा जयपूरजवळच्या सांगानेरमध्ये बनतो तसला, त्यात तंतू सगळीकडे विस्कटलेले असतात, त्यामुळे ठळक अशी एक दिशा नसते. लोकांना वाटतं मग बरंच झालं, काही बघायला नको. पण तो पाणी खूप पितो, आणि खाली चिकटवलेल्या मशीनच्या कार्डशीटला दिशा असतेच. शिवाय हातकागद म्हणून दुकानात मिळणारा सगळाच हातानं उचललेला नसतो, काही मशीनवरच बनवतात, त्याला दिशा असते. माझा तो लाल कागद असाच निघाला. म्हणून नाव काही असू दे, ओला तुकडा करून बघायचाच.

आता कार्डाकडे येऊ. नियम एकच: कार्डाची घडी, खालच्या कार्डशीटचा ग्रेन आणि वर चिकटवलेल्या कागदाचा ग्रेन, तिन्ही एकाच दिशेला. म्हणजे कार्डाची घडी उभी असेल तर सगळं उभं.

आणि इथेच एक गोष्ट, जी मला कळायला फार वर्षं लागली. माझी लहान कार्डं कायम चांगली व्हायची आणि मोठी कायम घडीवर तडकायची, शीट तीच, गम तोच. कारण असं होतं: ए-फोर शीट २१० बाय २९७ मिलिमीटर असते आणि बऱ्याचदा तिचा ग्रेन लांब बाजूला असतो. ती मधोमध घडी घालून मोठं ए-फाइव्हचं कार्ड केलं की घडी ग्रेनच्या बरोबर आडवी येते, म्हणून तडकते आणि कार्ड नीट बंद पण होत नाही, तोंड उघडं राहतं. तीच शीट मधून कापून दोन तुकडे केले आणि प्रत्येकाची घडी घातली, म्हणजे १०५ बाय १४८ चं लहान कार्ड, की घडी आपोआप ग्रेनला समांतर येते. मी काहीच वेगळं करत नव्हते, कापण्यामुळे दिशा फिरत होती. म्हणून मोठी कार्डं करायची असतील तर ए-फोरची शीट आणू नका, मोठी शीट आणा आणि ग्रेन बघून आपण कापा, किंवा दुकानात आडव्या ग्रेनचं मागा. मुंबईला अब्दुल रहमान स्ट्रीटला किंवा पुण्यात अप्पा बळवंत चौकात जुने कागदवाले आहेत त्यांना हे बरोबर कळतं, शीट वाकवून दाखवायला सांगितलं की दाखवतात.

घडी तडकण्याचं दुसरं कारण क्रीझ न मारता घडी घालणं. २५० जीएसएमच्या (म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) वरची शीट हातानं नुसती दुमडायची नाही. स्टीलची पट्टी ठेवून, शाई संपलेलं बॉलपेन किंवा क्रोशाची सुई घेऊन एक खाच पाडायची, दोनदा हलक्या हातानं, एकदाच जोरात नाही. खाच पडली की मागच्या बाजूला उंचवटा येतो, तो उंचवटा घडीच्या आतल्या बाजूला राहिला पाहिजे. बऱ्याच जणी उलटं करतात, खाचेच्या आत दुमडतात, आणि मग बाहेरचा रंगीत थर ताणून फुटतो आणि पांढरी रेघ दिसते. गडद लाल किंवा हिरव्या शीटवर ती रेघ फार वाईट दिसते. तरी फुटलीच तर त्याच रंगाच्या पेन्सिलनं नाही, वॉटरकलरच्या अगदी कोरड्या ब्रशनं रंगवा, पेन्सिलची चमक वेगळी दिसते.

आणि एखादा कागद इतका जाड आणि सुंदर असतो की त्याला घडी मानवतच नाही, फुलांच्या पाकळ्या दाबलेला हातकागद तसा असतो. त्याचं घडीचं कार्ड करायचा हट्ट करू नका. लंडनमध्ये १८४३ साली हेन्री कोल यांनी जॉन हॉर्स्ली या चित्रकाराकडून काढून घेतलेलं पहिलं छापील नाताळ कार्ड पण बिनघडीचंच होतं, पोस्टकार्डासारखं एकच पान. तसं सपाट कार्ड करा, मागे लिहा, पाकिटात घाला, त्याची शोभा कमी होत नाही.

आता चिकटवणं. कार्ड वाकलं की आधी बघा ते कुठल्या बाजूला वाकलंय, त्यावरून कारण कळतं. डिझायनर कागदाची बाजू आत गेलीये, वाटीसारखी झालीये, तर वरचा कागद सुकताना आकसला आणि त्यानं कार्ड आपल्याकडे ओढलं. ती बाजू बाहेर फुगलीये तर आत अजून ओल आहे, घाई केलीत, अजून दाबून ठेवा. आणि कार्ड एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्याकडे पीळ घातल्यासारखं झालंय तर दोन कागदांचे ग्रेन एकमेकांना आडवेतिडवे लागलेत, ते वजनानं बरं होणार नाही, आज सरळ झालं तरी हवा बदलली की परत पिळणार.

वाटीसारखं होणाऱ्यावर उपाय म्हणजे दुसऱ्या बाजूनं पण तेवढंच ओढायला लावायचं. पुढच्या पानाला बाहेरून डिझायनर कागद लावला की त्याच पानाला आतून एक साधा कागद लावायचा, साधारण तेवढ्याच वजनाचा, त्याच ग्रेनचा, तोच गम, तेवढाच पातळ. वर १०० जीएसएमचा असेल तर आत पण १०० च्या आसपासचा, फोटोकॉपीचा ७५-८० जीएसएमचा कागद जाड हातकागदाला पुरत नाही. कागद थोडा वाया गेल्यासारखा वाटतो पण माझ्या अनुभवात याच्याइतका खात्रीचा उपाय नाही.

माझी आतेबहीण कॅनडात असते, तिला मी दर वर्षी कार्ड पाठवते. वसईतून निघताना पट्टीसारखं सरळ असायचं आणि तिकडे हीटरच्या घरात शेल्फवर आठवडाभर राहिलं की वाकायचं, ती फोटो पाठवायची. आपल्याकडची दमट हवा आणि तिकडची हिवाळ्यातली बंद घरातली कोरडी हवा, कागदातली ओल निघून जाते आणि जो कागद जास्त पितो तो जास्त आकसतो. गम सुकून महिना झालेला असला तरी हे होतंच. दोन्ही बाजूंनी कागद लावून पाठवायला लागल्यापासून तिच्याकडे कार्ड सरळ राहतं. परदेशात पाठवायचं असेल त्यांनी हे नक्की करा.

गम कसा लावायचा ते थोडक्यात सांगते. मोठ्या भागाला ट्यूबमधून रेघा ओढायच्या नाहीत, त्या रेघा वरून दिसतात. गम वाटीत काढून अगदी किंचित पाणी, सपाट ब्रश, मधून बाहेरच्या दिशेनं पातळ एकसारखा थर, आणि गम पातळ कागदाला नाही, जाड शीटला लावायचा, म्हणजे पातळ कागद आधीच फुगून सुरकुतत नाही. पण कागद जाड हातकागद असेल तर बरोबर उलट: गम त्याला लावा आणि दोन-तीन मिनिटं तसाच राहू द्या, त्याला जेवढं वाढायचं तेवढं वाढू द्या, मग चिकटवा. नाहीतर चिकटल्यावर तो वाढत राहतो आणि फुगे येतात. ते फुगे हवेचे नसतात, जास्तीच्या कागदाचे असतात, म्हणून सुईनं टोचून जात नाहीत.

चिकटवल्यावर लगेच वर बटर पेपर, त्याच्यावर कोरा न्यूजप्रिंट (वर्तमानपत्राचा न छापलेला कागद), मग प्लायचा तुकडा, मग वजन. छापील वर्तमानपत्र ठेवू नका, शाई उतरते, माझं एक पांढरं कार्ड मागून आख्खं काळं झालं होतं. पंधरा-वीस मिनिटांनी उघडून ओलसर झालेला न्यूजप्रिंट बदला, मग तासाभरानं परत, मग रात्रभर. हे कागद बदलणं सगळ्यात कंटाळवाणं काम आहे आणि सगळ्यात जास्त उपयोगाचं. ओल बाहेर जायला वाटच ठेवली नाही तर वर कितीही वजन ठेवा, ती आतच राहते, आणि पाटा उचलला की कार्ड वाकायला लागतं.

चकचकीत प्लास्टिकचा थर असलेला सोनेरी-चंदेरी कागद, ग्लिटर शीट, यांना पाण्याचा गम लावूच नका. त्यातून पाणी बाहेर जात नाही, सगळं खालच्या शीटमध्ये जातं. डबल साइड टेप चारी कडांना आणि मधे तिरकी फुलीसारखी लावा. ट्रेसिंग पेपरसारखे पारदर्शक कागद गमनं सुरकुततात आणि गमचा डाग आरपार दिसतो, ते वरून रिबिनीनं किंवा दोऱ्यानं बांधा, किंवा टेपचा तुकडा चांदणीखाली, घंटेखाली लपेल तिथेच लावा. आणि गडद लाल कागद पांढऱ्यावर चिकटवायच्या आधी त्याच्यावर ओलं पांढरं सुती फडकं घासून बघा. रंग आला तर तोही टेपनंच लावायचा. नाताळला लाल रंग नाही म्हटलं तरी चालत नाही, त्यामुळे हा डागांचा त्रास जवळजवळ प्रत्येकीला कधी ना कधी होतोच.

आधीच वाकलेली कार्डं असतील तर टाकू नका. मोठ्या डब्यात तळाला ओलं फडकं वाटीत ठेवा, वर जाळी, जाळीवर कार्डं, पाणी कुठेही लागता कामा नये, झाकण लावून दोन-तीन तास. कागद दमट होऊन मऊ पडतो, मग काढून लगेच न्यूजप्रिंटमध्ये दाबून दोन दिवस ठेवा. मात्र घरच्या इंकजेट प्रिंटरवर छापलेलं काही त्यावर असेल तर हे करू नका, शाई पसरते. इस्त्री करायचीच असेल तर वाफ बंद, सगळ्यात कमी गरम, वर सुती कापड, आणि ग्लिटर-फॉइलवर अजिबात नाही. गरम झाल्यावर पांढरा गम थोडा मऊ पडतो, म्हणून इस्त्री झाल्या झाल्या कार्ड वजनाखाली ठेवून गार होऊ द्यायचं, तेव्हाच ते सरळ बसतं. ग्रेन आडवेतिडवे लागलेलं कार्ड मात्र याही उपायानं टिकत नाही, त्याचा वरचा कागद सोडवून दुसरीकडे वापरा.

आता अल्बम. अल्बमला पण तेच नियम, फक्त चुका मोठ्या दिसतात. पुठ्ठ्याला ग्रेन असतो हे बऱ्याच जणींना माहीत नसतं. कप्पा बोर्ड घ्या किंवा ग्रे बोर्ड, वाकवून बघा, एका बाजूनं सहज वाकतो. तो ग्रेन अल्बमच्या पाठीला, म्हणजे बांधलेल्या बाजूला, समांतर, बाहेरच्या कागदाचा समांतर, आतल्या अस्तराचा समांतर आणि पानांचा पण समांतर. कव्हर बाहेरच्या बाजूला वळून पंख्यासारखं उघडं राहत असेल तर बाहेरचा कागद जिंकला, अस्तर कमी पडलं. अस्तर बदलून जाड लावा किंवा आहे त्याच्यावर अजून एक लावा. आणि कव्हर पूर्ण सुकल्याशिवाय पानं आत घालू नका, मी निदान तीन दिवस ठेवते, नाहीतर कव्हरची ओल पहिल्या दोन पानांत जाते आणि ती लाटांसारखी होतात.

कव्हरला मी निम्मी खळ आणि निम्मा पांढरा गम वापरते, मैद्याची खळ हळू सुकते त्यामुळे कागद सरकवून नीट बसवता येतो. जुने बाइंडर खळीत मोरचूद (कॉपर सल्फेट) घालतात, कसर लागू नये म्हणून. वह्यांना ते ठीक असेल, पण मोरचूद विषारी आहे, घरात लहान मुलं असतात, आणि फोटोंजवळ तांब्याचं काही नको, म्हणून मी घालत नाही. खळ ताजी करते, त्याच दिवशी वापरते, उरलेली टाकते.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न: फोटो लावल्यावर अल्बमचं तोंड उघडं राहतं, बंदच होत नाही. याला गम-बिम काही जबाबदार नाही, साधा हिशेब आहे. समजा वीस पानं आहेत, शीट ०.३ मिलिमीटरची. पाठीपाशी जाडी झाली ६ मिलिमीटर. आता प्रत्येक पानाला दोन्ही बाजूंना एकेक फोटो लावला, फोटो साधारण ०.२५ मिलिमीटर धरा, म्हणजे पानाला अर्धा मिलिमीटर वाढ, वीस पानांना १० मिलिमीटर. पाठीला ६ आणि मधे १६, मग तोंड उघडणारच. जेवढी जाडी फोटो वाढवणार तेवढीच पाठीपाशी आधी भरून ठेवायची. त्यासाठी प्रत्येक दोन पानांच्या मधे पाठीकडे त्याच शीटच्या इंचभर रुंद पट्ट्या घालायच्या, वरच्या हिशेबात पानामागे दोन पट्ट्या, ०.६ मिलिमीटर, थोडं जास्तच असू द्या. किंवा पान एक इंच जास्त रुंद कापून ती पट्टी मागे दुमडा आणि अजून एक सुटी पट्टी घाला. दुमडताना क्रीझ मारूनच, आणि इथेही ग्रेन घडीला समांतर. मापाची खात्री नसेल तर दहा फोटो एकावर एक ठेवून दाबा आणि पट्टीनं मोजा, दहानं भागा, झालं. रिबन, मणी, चांदण्या लावणार असाल तर त्यांची जाडी पण धरा, त्यांनी जास्त फुगतं.

पानं बांधायला मी अल्बमचे स्क्रू वापरते, म्हणजे पुढे पानं वाढवता येतात. पट्टीपासून पाव इंच पुढे प्रत्येक पानावर एक क्रीझ मारून ठेवा, नाहीतर पान उलटताना जाड शीट उसळी मारते आणि फोटो निघतात.

फोटो चिकटवण्याबद्दल मला जरा कळकळीनं सांगायचंय. फोटो गमनं चिकटवू नका, डबल टेपनं पण नको. आईकडे एक अल्बम आहे, चिकट पानांचा, वर प्लास्टिक असतं तसला, ते गमचे पट्टे पिवळे पडलेत आणि फोटो सुटत नाहीत, आणि त्यातले काही फोटो ज्या माणसांचे आहेत ती आता नाहीत. त्यातले निम्मे मी सोडवले, डेंटल फ्लॉसचा बारीक दोरा फोटोच्या मागून करवतीसारखा हळूहळू ओढून, एका फोटोला दहा दहा मिनिटं, आणि त्याआधी प्रत्येकाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला, चुकून फाटला तर निदान तेवढं राहील म्हणून. कुणाकडे असा अल्बम असेल तर कोपरा धरून खेचू नका.

कागदाचे कोपरे करा, अगदी सोपे आहेत. दोन बाय चार सेंटिमीटरची पट्टी आडवी धरायची, वरचे दोन्ही कोपरे खाली मधोमध आणून दुमडायचे, त्रिकोण होतो, घडीची बाजू पानाला चिकटवायची आणि फोटोचा कोपरा आत सरकवायचा. उरलेल्या डिझायनर कागदाचे केले तर पानाला शोभा पण येते. कोपरे आधी फोटोवर चढवून मग पानावर जागा ठरवा, म्हणजे माप चुकत नाही, आणि गम कोपऱ्याच्या मागे टाचणीच्या डोक्याएवढाच, बाहेर आला तर फोटोला लागतो. जुने काळे-पांढरे फोटो असतील तर दोन पानांच्या मधे पातळ टिश्यू घाला. आणि प्लास्टिकचे खिसे घ्यायचे असतील तर उग्र रेक्झिनसारखा वास येणारं प्लास्टिक घेऊ नका, ते पीव्हीसी असतं, पॉलिप्रॉपिलीनचं मागून घ्या.

पावसाळ्यात अल्बम भिंतीला टेकलेल्या कपाटात तळाला ठेवला की आमच्या वसईत बुरशी येतेच, वरच्या कप्प्यात, उभा, थोडी हवा खेळेल असा ठेवा आणि ऑक्टोबरचं ऊन पडलं की सावलीत एक दिवस उघडून ठेवा, थेट उन्हात नाही.

यंदा मी कागद ऑक्टोबरच्या शेवटी आणून, बाण काढून, ज्या खोलीत काम करते तिथेच उघडा ठेवलाय. सगळं कापणं आगमनकाळ (नाताळच्या आधीचा तयारीचा काळ) सुरू व्हायच्या आधी होईल, म्हणजे चिकटवायला आणि सुकवायला पूर्ण तीन आठवडे मिळतात. लहान कार्डांना सी-सिक्सची पाकिटं लागतात, ११४ बाय १६२ ची, ती आधीच आणून एका कच्च्या कार्डावर रिबिनीसकट बसवून बघा, कारण दोन्ही बाजूंनी कागद लावला की कार्ड थोडं जाड होतं आणि घट्ट पाकिटात घडीवर जोर येतो.